ट्रान्झिस्टर बदलला, दुरुस्ती कुठे आहे?

टीव्हीचे झाकण काढायचे, मीटर लावायचा, ट्रान्झिस्टर शॉर्ट दाखवला की तो उपटून दुसरा ठोकायचा, फ्यूज घालायचा आणि चित्र आले की पैसे खिशात टाकायचे. पेठोपेठी, गावोगावी याला दुरुस्ती म्हणतात. महिन्याभरात तोच सेट त्याच दुखण्याने परत आला की गिऱ्हाइकाला ऐकवतात, ‘तुमच्याकडे व्होल्टेजच फार वर-खाली होतं हो,’ आणि पुन्हा पैसे घेतात. ही उघड फसवणूक आहे. मी याच धंद्यावर पोट भरतो, म्हणून हे मी बोललेच पाहिजे.

एसएमपीएसमधला, म्हणजे सेटच्या वीजपुरवठ्यातला, पॉवर ट्रान्झिस्टर आपण होऊन क्वचितच मरतो. बहुतेकदा त्याला मारले जाते. भिंतीतून आलेले २३० व्होल्ट ब्रिजमधून जाऊन मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी होऊन बसतात. हे ३२५ व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यात सेकंदाला हजारो वेळा सोडायचे आणि तोडायचे, हे या ट्रान्झिस्टरचे काम. तोडताना वेटोळे उलटा झटका देते आणि फ्लायबॅक सर्किटमध्ये त्या क्षणी ट्रान्झिस्टरवर पाचशे-सहाशे व्होल्ट येतात. तो झटका गिळायला शेजारी एक डायोड, एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर बसवलेला असतो. वेळेवर चालू-बंद करायला आयसी असतो, आयसीला वीज पुरवायला छोटा कपॅसिटर असतो, प्रवाह मोजायला ट्रान्झिस्टरच्या सोर्स पायात बारीक ओमचा रेझिस्टर असतो. यांतल्या कुणीही काम सोडले की शिक्षा भोगतो तो ट्रान्झिस्टर. मेलेला डोळ्यांना दिसतो, मारणारा त्याच बोर्डावर शाबूत बसलेला असतो. आमचे मेकॅनिक प्रेत हलवतात आणि मोकळे होतात.

३८४२ आयसी आणि मॉस्फेट जातीचा ट्रान्झिस्टर ही जुनी, चांगली आणि अजूनही हजारो सप्लायमध्ये चालणारी जोडी घ्या. मॉस्फेट शॉर्ट होतो तेव्हा त्याचे ड्रेन आणि गेट अनेकदा आतून एक होतात आणि ३२५ व्होल्ट गेटच्या रेझिस्टरमधून उलटे आयसीच्या सहाव्या पायात शिरतात. सोर्सचा रेझिस्टर जळून ओपन झाला की तोच दाब तिसऱ्या पायावरही पोचतो. म्हणजे एक मॉस्फेट गेला तर गेटचा रेझिस्टर, सोर्सचा रेझिस्टर आणि आयसी हे तिघेही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायला हवेत. नुसता मॉस्फेट बदलून सप्लाय चालू केला तर अर्धमेला आयसी नव्या मॉस्फेटचे गेट नीट हलवू शकत नाही. मॉस्फेट धड चालू नाही, धड बंद नाही, अशा अवस्थेत तापतो आणि फाडकन उडतो. मग हीच माणसे ‘मालच खराब आला’ म्हणतात.

सोर्सच्या त्या रेझिस्टरवर मला जास्त बोलायचे आहे, कारण सगळ्यात मोठे पाप तिथे होते. लाल, लाल, रुपेरी असे पट्टे असतील तर तो ०.२२ ओमचा. ३८४२च्या तिसऱ्या पायावर १ व्होल्ट झाला की आयसी मॉस्फेट बंद करतो. म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह गेला की बस, पुढे नाही. या एका रेझिस्टरवर मॉस्फेटचा जीव अवलंबून आहे. आणि दुकानात ०.२२ ओम मिळाला नाही म्हणून तिथे ०.१ ओम टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तांब्याच्या तारेचा तुकडा सोल्डर केलेले बोर्डही माझ्या टेबलावर आले आहेत. ०.१ टाकला म्हणजे मर्यादा दहा अँपिअरवर गेली आणि तार टाकली म्हणजे मर्यादाच उरली नाही. सेट चालू होतो, चित्र येते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पुढे सेकंडरीला जरा ओढ वाढली की आयसीला काही कळत नाही आणि मॉस्फेट जातो. अडाणीपणा म्हणून मी हे सोडून देणार नाही. पट्टे वाचता येणाऱ्या माणसाने तिथे तार लावली असेल तर ती जाणूनबुजून लावलेली आहे.

तोच हात फ्यूजपर्यंतही जातो. काचेचा फ्यूज आतून काळाठिक्कर झाला असेल तर पुढे दणदणीत शॉर्ट झालेला आहे, हे तो स्वतःच सांगत असतो. त्याचे ऐकायचे सोडून त्याच्या जागी वायरमधला एक धागा गुंडाळतात. हा सेट लोकांच्या घरात, पडद्याशेजारी, लेकरांच्या अंथरुणापासून चार हातांवर चालणार असतो. घरात आग लागली तर दोष विजेचा.

बदली माल निवडतानाही तीच बेफिकिरी. १०एन६० मिळाला नाही म्हणून आयआरएफ ७४० टाकला, कारण दोन्ही दहा अँपिअरचे. अरे, पहिला ६०० व्होल्टचा आणि दुसरा ४००चा! वर सांगितलेला झटका ४०० व्होल्टच्या मॉस्फेटने कसा सोसावा? तसेच झटका गिळणाऱ्या जागी यूएफ ४००७ किंवा एफआर १०७ सारखा जलद डायोड हवा असताना डबीतला साधा १एन ४००७ लावतात. व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढेच, पण साधा डायोड बंद व्हायलाच मायक्रोसेकंदांचा वेळ घेतो आणि तेवढ्यात इकडे काम उरकलेले असते. ट्रान्झिस्टर तापत राहतो आणि कारण कुणी शोधत नाही.

कॉम्प्युटरच्या जुन्या सप्लायमध्ये १३००७ किंवा १३००९ जोडीने बसतात. एक गेला की एकच बदलणारे आहेत. दुसऱ्याने काय सोसले याची चौकशी नाही. या दोघांच्या बेसला ढकलणारे १ मायक्रोफॅरडचे चिमुकले कपॅसिटर हीटसिंकच्या झळेत वर्षानुवर्षे सुकतात. वरून ते फुगलेले दिसत नाहीत, म्हणून कुणी हात लावत नाही. ते सुकले की बेसचा जोर कमी पडतो, ट्रान्झिस्टर पूर्ण चालू होत नाही, तापतो आणि जातो. दोन रुपयांचा माल तपासला नाही म्हणून गिऱ्हाईक तीनदा पैसे मोजते.

आणि तपासणीसाठी लाखांची यंत्रे लागतात, ही सबब कुणी सांगू नये. ट्रान्झिस्टर बोर्डवरून सोडवून मीटर डायोडवर ठेवा. बोर्डवर असताना बेस-एमिटरमध्ये बारीक ओमचा मार्ग असला की तो चांगल्यालाही वाईट दाखवतो, हे प्रत्येक शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात सांगायला हवे. त्याआधी मोठा कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा करा. स्क्रू-ड्रायव्हरने पाय जोडून आतषबाजी करू नका. २२० मायक्रोफॅरडवर ३२५ व्होल्ट म्हणजे साडेअकरा जूल ऊर्जा. ट्रान्झिस्टर शॉर्ट न होता सप्लाय बंद पडला असेल तर ही ऊर्जा तिथे बराच वेळ टिकू शकते आणि छातीतून गेली तर माणूस जाऊ शकतो. सगळे बदलून झाले की पहिला दाब थेट कधीच द्यायचा नाही. फ्यूजच्या जागी ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. क्षणभर लखलखून मंदावला तर कपॅसिटर भरला आणि शॉर्ट नाही. तसाच भगभगत राहिला तर अजून कुठेतरी शॉर्ट आहे, पण तुमचा नवा मॉस्फेट वाचला. एक होल्डर, एक बल्ब, दोन वायरी. एवढे करण्याचा कंटाळा ज्याला येतो, त्याने दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये.

आता ज्यांच्याकडून आम्ही माल घेतो त्यांच्याकडे वळतो. बाजारात नकली पॉवर ट्रान्झिस्टर सर्रास विकले जातात. जुन्या बोर्डांवरून काढलेला किंवा हलक्या नंबरचा माल घासून त्यावर १३००९ छापतात. बारा अँपिअरचा म्हणून विकलेला एक ट्रान्झिस्टर पक्कडीने फोडून बघा. काळ्या प्लास्टिकखाली पत्र्यावर बसलेला सिलिकॉनचा तुकडा मोहरीएवढा निघतो. अस्सल मालात तो कितीतरी मोठा असतो. त्या कणातून बारा अँपिअर कुठून जाणार? ॲसिटोनचा बोळा फिरवला की कित्येकांचे नाव पुसले जाते. विकणाऱ्याला हे माहीत असते. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला आहे की आणखी कुठून, याने काही फरक पडत नाही. विकणारा बिल देत नसेल, तर अस्सलपणाची हमी तो देत नाहीये, एवढे समजा.

कंपन्यांना तर या कुठल्याच गोष्टीशी देणेघेणे नाही. पूर्वी रेडिओ-टीव्हीच्या पुस्तिकेत सर्किटचा नकाशा छापलेला असे. आता नकाशा सोडाच, काही बोर्डांवर आयसीचा नंबरसुद्धा खरवडून टाकलेला असतो. अधिकृत सेंटरला विचारले तर एकच उत्तर: पूर्ण बोर्ड बदला. वीसेक रुपयांचा मॉस्फेट आणि चार रेझिस्टर गेले म्हणून हजारोंचा बोर्ड गळ्यात मारतात आणि जुना बोर्ड ई-कचऱ्यात ढकलतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्टलही सुरू केले. पोर्टल चांगलेच आहे. पण सप्लायचा नकाशा आणि मालाचे नंबर कोणत्याही कारागिराला मिळालेच पाहिजेत असा कायदा होत नाही, तोवर गल्लीतला मेकॅनिक अंधारातच चाचपडत राहणार. या अंधाराचा फायदा कंपनी घेते आणि आमच्यातले कामचुकारही त्याच अंधाराआड लपतात.

म्हणून गिऱ्हाइकांना सांगतो, घासाघीस भावावर करू नका, कामावर करा. काढलेला प्रत्येक सुटा भाग परत मागा आणि काय काय बदलले ते बिलावर लिहून घ्या. सेट सिरीज बल्बवर चालवून पाहिला का, हे विचारा. हातावर एकटा मेलेला ट्रान्झिस्टर ठेवला, तर तो कशाने मेला ते विचारा, आणि धड उत्तर मिळेपर्यंत पाकीट बाहेर काढू नका.