एक मार्काचा शब्द आणि जळणारी मोटार

स्पष्टच बोलतो. आपल्या भागातल्या डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या पोरांना सी भाषा शिकवतात, पण ती चिपवर कशी चालते ते बहुतेक ठिकाणी शिकवत नाहीत. पुरावा म्हणून एकच शब्द घ्या : व्होलाटाइल. १९८९ च्या सी-मानकातल्या ३२ राखीव शब्दांपैकी हा एक. परीक्षेपुरती व्याख्या पाठ केली की विषय संपला!

मी पत्रकार आहे, कोड लिहिणारा नाही. पण जाणकारांकडून समजून घेतलं ते सांगतो.

विहिरीवरच्या ऑटो स्टार्टरचं उदाहरण घ्या. पाणी संपलं की सेन्सर इशारा देतो. चिप हातातलं काम क्षणभर सोडून मेमरीत 'पाणी संपलं' अशी खूण करते. याला इंटरप्ट म्हणतात. मुख्य प्रोग्राम गोल फिरत तीच खूण तपासत असतो. पण कंपायलर पडला हुशार. तो बघतो, या फेऱ्यात ही खूण कुणीच बदलत नाही, मग दरवेळी मेमरीत कशाला जायचं? एकदा वाचलेलंच रजिस्टरमध्ये ठेवून वापरत राहतो. म्हणजे पाचोडच्या मोसंबी लिलावात सकाळी एकदा भाव विचारला अन् संध्याकाळपर्यंत तोच सांगत बसला! खूण बदलली तरी प्रोग्रामला पत्ता नाही. मोटार कोरडी फिरते, तापते, जळते. मोटार भरून आणायचा खर्च शेतकऱ्याच्या बोकांडी.

व्होलाटाइल लिहिलं की कंपायलरला हुकूम जातो : दरवेळी मेमरीत जाऊन ताजं वाच.

खरी गोम पुढे आहे. ऑप्टिमायझेशन बंद असेल तर चुकीचा प्रोग्रामही टेबलावर झकास चालतो. ते चालू केलं की अडकतो. टर्बो सी च्या निळ्या स्क्रीनवर बेरीज-वजाबाकी करून हे कधी दिसणार?

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. दिसेल तिथे व्होलाटाइल चिकटवतात. तेही अडाणीपणच. आठ बिटांची चिप सोळा बिटांचा आकडा दोन तुकड्यांत वाचते. मधेच इंटरप्ट आला तर अर्धा जुना, अर्धा नवा आकडा हाती येतो. तिथे व्होलाटाइल वाचवत नाही, तेवढ्यापुरता इंटरप्ट रोखावा लागतो. लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजातही या शब्दाच्या चुकीच्या वापराबद्दल इशारा आहे.

"आपल्या पोरांना एवढं खोल कशाला?" असं म्हणणारे भेटतात. अहो, टोयोटा किर्लोस्कर आणि एथर यांनी २०२४ मध्ये ऑरिकमध्ये कारखाने जाहीर केले. बिडकीन आपल्याच पैठण तालुक्यात. गाडीतल्या कंट्रोलरचा प्रोग्राम लिहायला बाहेरची पोरं येणार आणि आपली गेटवर सिक्युरिटीला उभी राहणार का?

मागणी साधी आहे. प्रत्येक लॅबमध्ये स्वस्तातला मायक्रोकंट्रोलर बोर्ड द्या. एकच प्रोग्राम ऑप्टिमायझेशन बंद आणि चालू, दोन्ही करून पोरांसमोर बिघडवून दाखवा, मग त्यांच्याच हातून दुरुस्त करून घ्या. एका तासाचं काम आहे.

पालकांनो, ॲडमिशन घेताना फी विचारता, हेही विचारा. पटलं तर पुढे पाठवा.