रविवारी लॅबला कुलूप का?

सकाळची बदलापूर लोकल अंबरनाथ, उल्हासनगर करत कल्याणला पोचेपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत जाणारेही असतात. ठाण्याला उतरायचं, ट्रान्स-हार्बर पकडायची, रात्री पुन्हा तेच उलटं. कुणी डिप्लोमावाला, कुणी बीएस्सी. काम येतं, पण प्रमोशनच्या वेळी इंजिनीअरिंगची डिग्री विचारतात.

यांच्यासाठी कोर्स काढायचा म्हटलं की एकच सुचतं : आपलाच सिलॅबस संध्याकाळी सहाला शिकवायचा. अहो, सहाला हा माणूस ऑफिसातून सुटलेलाही नसतो!

तसं नव्याने काही शोधायचीही गरज नाही. बिट्स पिलानी १९७९ पासून नोकरदारांसाठी कोर्स चालवते. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी काढली, तिला जेईई लागत नाही. चार आठवडे शिका, पात्रता परीक्षा द्या. मध्येच थांबलात तरी टप्प्याप्रमाणे सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा हातात. परीक्षा मात्र सेंटरवर जाऊनच.

मला सर्वात पटलं ते हे थांबणं. कधी प्रोजेक्टचं रिलीज, कधी नाइट शिफ्ट, कधी घरात आजारपण. आपल्या पद्धतीत दोन सेमिस्टर हुकली की माणूस एटीकेटीच्या चक्रात गेलाच. २०२१ मध्ये यूजीसीने क्रेडिट बँक आणली, तिच्यात मिळवलेली क्रेडिट्स सात वर्षांपर्यंत टिकतात. नोकरदाराचा कोर्स त्यावरच बांधायला हवा. आणि प्रोजेक्ट त्याच्या ऑफिसच्या कामावर. झेरॉक्सच्या दुकानातून बाइंड करून आणलेला नको (आपल्याला माहीत आहेच!).

हॉस्टेलवर हा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "म्हणजे आपल्या डिग्रीची किंमत कमी." का म्हणून? हजेरीचे तास बदला, पेपर तोच ठेवा. टेस्टिंगची व्याख्या आपण व्हायवाच्या आदल्या रात्री पाठ करतो, तो ते काम रोज करतो. घाबरायचंच तर आपण घाबरावं.

एआयसीटीईने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळात वर्ग घ्यायला परवानगी दिली आहे. थिअरी मोबाइलवर लोकलमध्येही बघता येते, अडतं प्रॅक्टिकलला. आपली लॅब मात्र रविवारी बंद. ती दहा ते चार उघडी ठेवा. लॅब असिस्टंटना त्याबदली सुट्टी आणि भत्ता द्या, फुकट राबवू नका. पहिल्या बॅचला मशीन लावून द्यायला हॉस्टेलची चार-पाच पोरं मी गोळा करते.