रोबोट म्हणजे यंत्र नव्हे, वेठ

'मी रोबोट नाही' या चौकोनात तुम्ही आजवर किती वेळा टिचकी मारली असेल? मग सिग्नल ओळखा, बस ओळखा, झेब्रा क्रॉसिंग ओळखा. या प्रकाराची सुरुवात झाली जुन्या छापील शब्दांपासून. स्कॅन केलेल्या पानावरचा जो पुसट शब्द कॉम्प्युटरला वाचता यायचा नाही, तो रिकॅप्चा आपल्याकडून वाचून घ्यायचं. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक आणि गूगल बुक्समधली पुस्तकं डिजिटल करायला ही मेहनत वापरली गेली. म्हणजे आपण रोबोट नाही हे सिद्ध करायला आपण फुकट राबत होतो. आणि दुसऱ्यासाठी सक्तीनं फुकट राबणं, हाच तर या शब्दाचा मूळ अर्थ.

चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. कुळानं जमीनदाराच्या शेतावर बिनमजुरीचे दिवस भरायचे, शक्य असेल तर स्वतःची जनावरं घेऊन. १७७५मध्ये बोहेमियात शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा कुठे सम्राज्ञी मारिया तेरेझानं फर्मान काढून ही वेठ आठवड्याला जास्तीत जास्त तीन दिवसांवर आणली. तीन दिवस मालकाचे ही सवलत होती, लक्षात घ्या. ती पूर्ण बंद झाली १८४८मध्ये. कारेल चापेकचा जन्म १८९०चा. म्हणजे रोबोता ही त्याच्यासाठी इतिहासाच्या पुस्तकातली गोष्ट नव्हती, गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीतली होती. १९२०मध्ये त्यानं 'आर.यू.आर.' हे नाटक लिहिलं. कारखान्यात तयार होणाऱ्या कामगारांना तो लॅटिनवरून 'लाबोरी' म्हणणार होता, पण ते त्याला पुस्तकी वाटलं. भाऊ योसेफ चित्रकार. त्यानं कुंचला तोंडात धरूनच सुचवलं, मग 'रोबोती' म्हण. हा किस्सा कारेलनंच पुढे वर्तमानपत्रात सांगितला.

या शब्दाचं गोत बघण्यासारखं आहे. रशियनमध्ये 'राब' म्हणजे गुलाम आणि 'राबोता' म्हणजे साधं रोजचं काम. पोलिशमध्ये 'रोबोतनिक' म्हणजे कामगार. स्लोवाक माणूस रोज सकाळी 'रोबोता'लाच जातो आणि त्यात त्याला काही वाटत नाही. चेक माणूस मात्र नोकरीला 'प्रात्से' म्हणतो आणि रोबोता हा शब्द जिवावर आलेल्या कामासाठी राखून ठेवतो. जर्मन 'आर्बाइट', म्हणजे काम, भाषाशास्त्रज्ञ याच मुळाशी जोडतात. त्याचाही जुना अर्थ कष्ट, हालअपेष्टा असाच. अजून मागे गेलं की ग्रीक 'ऑर्फानोस' भेटतो, इंग्रजीतल्या 'ऑर्फन'चा पूर्वज. म्हणजे अनाथ. रशियन 'रेब्योनोक', म्हणजे मूल, याच घरातला. आणि संस्कृतातला 'अर्भ', ज्यावरून आपला अर्भक आला, तोही.

(इथे कोणीतरी 'राबणे' आणि 'राबोता' जोडून फॉरवर्ड तयार करणार. करू नका. नुसत्या उच्चारावरून सोयरीक जुळत नाही. खरा नातेवाईक अर्भक आहे, आणि तो अजिबात सारखा वाटत नाही.)

ज्याचं कोणी उरलं नाही ते मूल, म्हणून दुसऱ्याच्या दारात राबणारं, म्हणून गुलाम, म्हणून वेठ, म्हणून काम. हा अर्थाचा प्रवास आहे. याच मुळातून जर्मनमध्ये 'एर्बं' हा शब्द आला, अर्थ वारसा. आईबाप गेल्यावर एकाच्या वाट्याला इस्टेट आली, दुसऱ्याच्या वाट्याला वेठ. भाषेनं दोन्हींचा हिशोब ठेवलाय.

यावर ठरलेला आक्षेप येतो: शब्दाचं मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. मान्य. स्लोवाक कारकुनाला कोणी गुलाम म्हणणार नाही. पण रोबोटचं प्रकरण वेगळं आहे. इथे अर्थ शतकानुशतकं हळूहळू घासला गेला नाही. चापेकनं जाणूनबुजून उचललेला शब्द आपण काही दशकांत धुऊन पुसून लोखंडी केला. नाटकातले रोबोट लोखंडाचे नाहीतच. ते कृत्रिम मांसाचे आहेत आणि माणसांपासून वेगळे ओळखू येत नाहीत. पहिला रोबोट बनवणारा तरुण रोसूम इंजिनिअर आहे, आमच्यातलाच. माणूस आनंदी होतो, व्हायोलिन वाजवतो, फिरायला जातो, या सगळ्याचा कामाला उपयोग काय, असं म्हणून तो एकेक गोष्ट काढून टाकतो. नको असलेली फीचर्स उडवणं आम्ही रोज करतो. यंत्र माणसासारखं होईल ही चापेकची भीती नव्हतीच. माणसातलं कामापुरतं ठेवून बाकीचं फेकणारा हिशोब त्याला दिसत होता.

योसेफला हा हिशोब अंगावर झेलावा लागला. नाझींनी त्याला १९३९मध्ये पकडलं. दाखाउ, बुखेनवाल्ड, झाक्सेनहाउझेन आणि शेवटी बेर्गेन-बेल्झेन. १९४५मध्ये, युद्ध संपता संपता, तो तिथेच गेला. दाखाउ आणि झाक्सेनहाउझेन या छळछावण्यांच्या फाटकांवर अक्षरं होती: 'आर्बाइट माख्ट फ्राय', काम तुम्हाला मुक्त करतं. ज्यानं जगाला रोबोट हा शब्द दिला, तो त्याच शब्दाच्या जर्मन भावंडाखालून आत गेला.

त्या छावण्यांशी माझ्या एसी ऑफिसची तुलना करणं हा निर्लज्जपणा होईल, ती मी करत नाही. पण 'मुक्त' हा शब्द माझ्या कानातून जात नाही. दोन वर्षांपूर्वी मी टेस्टिंगची स्क्रिप्ट लिहिली. चार जणांचं हातानं करायचं काम ती रात्रीतून करायची. पुढच्या महिन्यात कॉलवर ऐकलं, 'चार रिसोर्स मोकळे झाले.' त्यातल्या एकीसोबत मी रोज डबा खायचो. कॉलवर तिचं नाव कोणी घेतलं नाही, मीही नाही. उरलेल्यांना शनिवार लागला, मलासुद्धा. नाटकातला डोमिन हेच आश्वासन देतो: रोबोट राबतील, माणूस मोकळा होईल. कोण मोकळं होणार आणि कोणाच्या खर्चानं, हे तो सांगत नाही. आजच्या एआयच्या भाषणांतही ते नसतं. 'रोबोट आपल्या नोकऱ्या घेईल का?' या प्रश्नात कर्ता रोबोट आहे. स्क्रिप्टनं कोणाची नोकरी घेतली नाही. ती मी लिहिली आणि कोणीतरी एक्सेलमध्ये चार ओळी खोडल्या.

मराठीनं तर हा प्रश्न विचारायची सोयच ठेवली नाही. आपण 'यंत्रमानव' म्हणतो. ऐकायला ऐटदार, पण त्यात यंत्र आहे, मानव आहे, फक्त वेठ तेवढी गायब आहे. आपल्याकडे त्या अनुभवाला शब्द नव्हता असं थोडंच आहे? वेठबिगार आहे, वेठ्या आहे. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमात बिगारीवर बंदी आहे. बाबासाहेबांनी १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं, ते याच राबवून घेण्याविरुद्ध. इतक्या ओळखीच्या गोष्टीला चेक लोकांनी नाटकात आणलं आणि आपण ती विज्ञानकथेच्या फळीवर ठेवून दिली.

आणि वेठ हा शब्द आपण आज वापरतो कुठे? 'संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले.' एसटीचा संप असो, नर्सेसचा असो, बातमी हीच. ज्याच्याकडून वेठ घेतली जायची, त्यानं हात थांबवले की तोच वेठीस धरणारा ठरतो. पुढच्या वेळी हे वाक्य तुमच्या फोनवर आलं, तर खाली कमेंटमध्ये त्या उपसंपादकाला एवढंच विचारा, की संपाच्या आदल्या दिवशीपर्यंत वेठ कोण घेत होतं.