‘सुरक्षित’ या शब्दालाही तारीख असते

१/ आमच्या घरी वडिलांची सकाळ उपाशीपोटी घेतलेल्या पित्ताच्या गोळीने सुरू होते. मूळ चिठ्ठी कोणत्या डॉक्टरांची होती, किती दिवसांची होती, हे आता कुणालाच आठवत नाही. ‘त्या गोळीने काही होत नाही’ एवढेच सर्वांना ठाऊक आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या विधानालाही साधनचिकित्सेचे प्रश्न विचारावेत : हे कोणी म्हटले, केव्हा, कोणत्या पुराव्यावर?

२/ प्रारंभ शिकागोपासून करू. १९१५ मध्ये बर्ट्रम सिपी या डॉक्टरांनी जठरव्रणावर दर तासाला दूध-साय आणि जोडीला आम्लनाशक चूर्णे असा उपचार मांडला. दुधाने कुणाचे काय बिघडणार? परंतु १९२३ मध्ये मेयो क्लिनिकमधील हार्ट आणि रिव्हर्स यांनी या उपचाराने मळमळ, डोकेदुखी व मूत्रपिंडाचे विकार झालेल्या रुग्णांची नोंद केली. तरीही हा उपचार पुढे कित्येक दशके चालू राहिला.

३/ १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडिन आले. जठराला आम्ल स्रवण्याचा हिस्टामिनचा संदेशच ते अडवते. त्यामुळे असंख्य रुग्णांची शस्त्रक्रिया टळली. त्यामागील संशोधक जेम्स ब्लॅक १९८८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. मात्र काही पुरुषांत स्तनवृद्धी दिसली. शिवाय हे औषध यकृतातील एन्झाइम रोखत असल्याने वॉरफरिनसारख्या अन्य औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू लागले.

४/ हे दोष बव्हंशी टाळणारे रॅनिटिडिन १९८१ मध्ये आले आणि त्याने जागतिक बाजारपेठ जिंकली. जवळजवळ चार दशकांनी, २०१९ मध्ये, त्यात एनडीएमए हे संभाव्य कर्करोगकारक द्रव्य आढळले. साठवणुकीचा काळ आणि तापमान वाढले की ते वाढते, असे दिसल्यावर एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी नियामकाने ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले. भारताच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही रॅनिटिडिन वगळले गेले. या गोळीमुळे माणसांत कर्करोग होतोच, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

५/ भीतीचीही चिकित्सा हवी. ओमेप्राझोलच्या विकासकाळात उंदरांच्या जठरात गाठी दिसल्या आणि १९८४ मध्ये मानवी चाचण्या थांबल्या. आम्ल दीर्घकाळ दडपल्याने वाढलेल्या गॅस्ट्रिन या संप्रेरकाचा तो परिणाम असल्याचे उलगडल्यावर काम पुन्हा सुरू झाले आणि १९८८ मध्ये औषध बाजारात आले.

६/ आजची पँटोप्राझोल त्याच कुळातील. २०१० ते २०१२ या काळात अमेरिकी नियामकाने या वर्गाबाबत अस्थिभंग, मॅग्नेशियमची कमतरता आणि आतड्याचा एक जंतुसंसर्ग यांविषयी इशारे दिले. पुढे सुमारे १७,६०० रुग्णांना सरासरी तीन वर्षे पँटोप्राझोल किंवा निष्क्रिय गोळी देऊन केलेली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत आतड्याचे संसर्ग तेवढे स्पष्टपणे अधिक आढळले. ही दिलासादायक बाब आहे; परंतु तीन वर्षांचा पुरावा म्हणजे पंधरा वर्षांचा पुरावा नव्हे.

७/ माझे मत असे की, ‘सुरक्षित’ हा निकाल अंतिम नसून दिनांकित असतो. त्याला मात्रा, मुदत आणि रुग्ण यांच्या मर्यादा असतात. आपण त्या मर्यादा पुसतो आणि चार-आठ आठवड्यांच्या चिठ्ठीची आजन्म सवय करतो. दोष केवळ औषधाचा नाही. चिठ्ठीकडे पुन्हा न पाहणाऱ्या आपल्या सर्वांचा आहे.

८/ मात्र हा धागा वाचून कुणाचीही गोळी परस्पर बंद करू नका. अन्ननलिकेला गंभीर इजा झालेल्यांना, तसेच वेदनाशामकांमुळे रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना ती दीर्घकाळ आवश्यक असू शकते. शिवाय एकाएकी थांबवल्यास आम्लाचा स्राव काही काळ उसळतो, जळजळ वाढते, आणि ‘गोळीविना चालतच नाही’ असा गैरसमज दृढ होतो.

९/ गेल्या रविवारी मी वडिलांसमोर ती रिकामी पट्टी ठेवली आणि विचारले, “बाबा, ही कधीपासून?” ते बराच वेळ आठवत राहिले. आता डॉक्टरांकडे जाताना आम्ही तोच प्रश्न घेऊन जाणार आहोत. तुमच्याही घरच्या फडताळात असा एखादा दस्तऐवज असेल. त्यावरची तारीख एकदा शोधा.