वर गेलेल्यालाही परत येता आलं पाहिजे

हॉकीचा ज्युनिअर विश्वचषक जिंकलेली पोरं सीनिअर संघात का दिसत नाहीत, असा ओरडा आपल्याकडे अधूनमधून होतो. आणि सतरा-अठराच्या मुलाला भारताची जर्सी मिळाली, की ‘अजून मिसरूड फुटलं नाही, एवढी घाई कशाला?’ असंही ऐकू येतं. दोन्ही तक्रारी एकाच समजुतीतून येतात: तयारीची एक रेषा असते आणि ती ओलांडली की खेळाडू कायमचा वर जातो. ही समजूतच चुकीची आहे.

आधी चषकाचं बघू. १८ डिसेंबर २०१६ रोजी लखनौत ज्युनिअर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक हरेंद्र सिंग यांच्या भारतीय संघानं बेल्जियमला २-१ असं हरवलं. त्यातले सात जण पुढे टोकियो ऑलिंपिकच्या कांस्यपदकाचे मानकरी ठरले. कर्णधार हरजीत सिंगला मात्र सीनिअर संघात जम बसवता आला नाही. म्हणजे विजेतेपद ही शिफारस झाली, हमी नव्हे. एकवीस वर्षांखालच्या सामन्यात चेंडू अडवून, मान वर करून, मोकळा साथीदार शोधायला थोडा तरी वेळ मिळतो. सीनिअर हॉकीत चेंडू स्टिकला लागण्याआधीच तो कुठे द्यायचा हे ठरलेलं असावं लागतं. मुलाला हे जमतं का, हे ज्युनिअर स्पर्धेतले गोल मोजून कळत नाही. त्याला वर खेळवावंच लागतं.

मग शरीर भरेपर्यंत थांबा, असं सांगणारे येतात. पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅगफ्लिक मारणाऱ्या कोवळ्या पोराच्या कमरेवर येणारा ताण ही खरी काळजी आहे, पण तो ताण फिजिओनं तपासायचा असतो. जन्मदाखला बघून त्याचा अंदाज येत नाही. शिवाय आता सामना पंधरा मिनिटांच्या चार सत्रांचा असतो आणि खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येतात. नवख्याला चार-पाच मिनिटं उतरवून बाहेर घेता येतं. राणी रामपाल २०१० चा विश्वचषक खेळली तेव्हा पंधरा वर्षांची होती. विवेक सागर प्रसाद जानेवारी २०१८ मध्ये भारताकडून पहिल्यांदा उतरला, तेव्हा त्याला अठरावं सरायचं होतं.

खरा मुद्दा पुढेच आहे. हे दोघेही नंतर आपल्या वयाच्या मुलामुलींत परत खेळले. २०१८ मध्येच विवेकनं युवा ऑलिंपिकमध्ये नेतृत्व करून रौप्य मिळवलं. टोकियोचं पदक गळ्यात पडल्यावरही तो २०२१ च्या ज्युनिअर विश्वचषकात कर्णधार होता. राणीनं २०१३ मध्ये ज्युनिअर संघाला कांस्य मिळवून दिलं आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. हरमनप्रीत सिंग तर ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिक खेळून डिसेंबरात लखनौच्या त्या संघात होता. परत येण्यात यांची कसली नामुष्की झाली?

आक्षेप असा, की त्यामुळे एका ज्युनिअर मुलाची जागा जाते. जाते, हे मान्य. २०२१ मध्ये भुवनेश्वरला भारत चौथाच आला, हेही मान्य. पण उरलेल्या मुलांना ऑलिंपिक खेळून आलेल्या साथीदाराचा वेग रोज सरावात अनुभवायला मिळतो. कोणतंही शिबिर हे देऊ शकत नाही.

निवड समितीचा निर्णय अंतिम मानला की काय होतं, हे सिमरनजीत सिंगकडे बघून कळतं. लखनौच्या अंतिम सामन्यात त्यानं गोल केला होता, तरी टोकियोसाठी तो मूळ सोळांत नव्हता, राखीव होता. करोनामुळे राखीव खेळाडूंनाही मैदानात उतरवायची मुभा मिळाली आणि जर्मनीविरुद्धच्या कांस्यपदकाच्या लढतीत तो खेळला. नीलकांत शर्माचा लांब पास त्यानं घेतला, गिरकी मारली आणि रिव्हर्स फटक्यानं बरोबरीचा गोल केला. पुढे गुरजंत सिंगच्या पासवर त्यानं भारताचा पाचवा गोल नोंदवला. भारत ५-४ असा जिंकला. सिमरनजीत, नीलकांत आणि गुरजंत, तिघंही लखनौच्या त्या संघातलेच. नियम बदलला नसता, तर हा मुलगा तो सामना बाहेर बसून बघत राहिला असता.

म्हणून मागणी साधी आहे. सीनिअर संघांच्या आंतरराष्ट्रीय प्रो लीगमध्ये सामने भरपूर असतात; त्यांत दोन-तीन ज्युनिअर मुलं ठरवून खेळवावीत. खाली पाठवताना प्रत्येकाला कारण तोंडावर सांगावं, आणि पुन्हा कधी पारखणार तेही सांगावं.