खोट्या पुराव्यावर उभा राहिलेला निवाडा

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात खोड लपवून बैल विकला आणि ती खोड मागाहून उघडी पडली, तर घेणारा बैल परत आणून उभा करील, यात कोणास नवल वाटणार नाही. 'पैसे मोजले, दावे हाती दिले, आता बोलू नका,' असे म्हणणाऱ्याची बाजू चार जाणते व्यापारी घेणार नाहीत. परंतु मालक व नोकर यांच्या तंट्यात बनावट कागद दाखवून कोणी लवादाचा निवाडा पदरात पाडून घेतला, तर तो फिरवावा कसा, हे सांगताना चांगले चांगले वकील अडखळतात.

लवाद आम्हांस नवा नाही. पेशवाईत पंचांपुढे जाताना उभय पक्ष राजीनामा लिहून देत आणि हरणारा येजितखत देई. 1870 नंतरच्या दशकात सार्वजनिक काका व पुण्याची सार्वजनिक सभा यांनी लवाद कोर्टे काढली, ती सरकारी कोर्टांतील खर्च व खेटे वाचावे म्हणून. तंटा एकदाचा मिटतो, हेच लवादाचे बळ. मिटलेला तंटा उकरू दिला तर धनवान पक्ष गरिबास जन्मभर फिरवील, हा आक्षेप आम्ही हलका लेखीत नाही. मात्र अखेरचेपणाचे हे संरक्षण प्रामाणिकपणे जिंकणाऱ्यासाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली स्पष्ट सांगितले की, कपटाने मिळविलेला हुकूमनामा मुळातच निरर्थक होय. 2000 साली मोटार अपघाताच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने, कपट उघड झाल्यास न्यायाधिकरणास आपला निवाडा स्वतःच मागे घेता येतो, असे ठरविले. 2023 साली तर लंडनच्या हायकोर्टाने नायजेरिया सरकारवरील, व्याजासह सुमारे 11 अब्ज डॉलरांचा निवाडा खोटी साक्ष व लाच यांमुळे मोडून काढला. तो गॅसच्या कराराचा होता. आमच्या कामगाराचा दावा काही हजारांचा असेल, पण लबाडीची जात एकच.

अडचण वाटेची आहे. 1996 च्या लवाद कायद्यात कपटाने झालेला निवाडा रद्द करण्यास तीन महिने, व सबळ कारण असल्यास आणखी 30 दिवस मिळतात. परंतु किंगफिशर विमान कंपनीच्या थकलेल्या पगारांच्या प्रकरणी मुंबई हायकोर्टाने 2012 साली निर्णय दिला की, कामगारांचे असे तंटे खाजगी लवादाकडे नेता येत नाहीत. कामगार कायद्याखाली उभय पक्षांनी खुशीने नेमलेल्या लवादाचा मार्ग निराळा. त्याचा निवाडा रिट अर्जाने हायकोर्टात तपासता येतो, हे 1979 साली गुजरात स्टील ट्यूब्जच्या खटल्यात ठरले. पण रिट अर्ज बहुधा कागदांवर चालतो. हजेरीपटावरील सही कोणाची, राजीनाम्यावर मागील तारीख कोणी घातली, हे साक्षीदार उलटतपासल्यावाचून कळावे कसे? चीनच्या 2008 पासूनच्या कायद्यात बनावट पुरावा हे कामगार लवादाचा अंतिम निवाडा रद्द करण्याचे कारण म्हणून नमूद आहे, आणि त्यासाठी मालकास 30 दिवस दिले आहेत. आमच्याकडे 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू होऊन 1947 चा कायदा गेला. खुशीचा लवाद राहिला. ज्याने साक्षी ऐकल्या त्यानेच, कपट कळल्यापासून ठराविक मुदतीत, निवाडा पुन्हा उघडावा असा स्पष्ट अधिकार त्यात घालणे आम्हांस अवश्य वाटते.

लबाडी एकाच बाजूस असते असेही नाही. दुसरीकडे पगार घेत असता 'मी बेकार होतो' असे सांगून मागील वेतन मागणारे नोकर आहेत. महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणी 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, नोकराने आपण बेकार असल्याचे निदान सांगावे; मग उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर. ही वाटणी न्याय्य आहे, कारण हजेरीपट, पगारपत्रक, पावत्या मालकाच्याच पेटीत असतात. नोकराजवळ असते ती तोंडची साक्ष.

म्हणूनच मालकांच्या एका मागणीस आमचा विरोध आहे. 2021 साली लवाद कायद्यात अशी दुरुस्ती झाली की, कपटाचा प्रथमदर्शनी संशय पटताच निवाड्याची अंमलबजावणी बिनशर्त थांबवावी. व्यापारी करारांत ती कशीही चालो. कामगाराच्या निवाड्यास तीच लावली, तर प्रत्येक हरलेला मालक 'कागद बनावट' म्हणून ओरडेल आणि कामगाराची चूल तोवर विझेल. ज्या रकमेविषयी वाद नाही ती त्यास तत्काळ मिळावी, उरलेली कोर्टात जमा व्हावी. आणि आरोप खोटा ठरल्यास उशिराचे व्याज मालकाने द्यावे.