घरची भाषा, घरचा इतिहास

इतिहासाची साधने म्हणून आपण विद्यार्थ्यांना शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि सरकारी दप्तरे शिकवतो. त्यांत राजांच्या वंशावळी सापडतात, महसुलाचे हिशेब सापडतात. परंतु तो महसूल ज्यांच्या श्रमावर उभा राहिला, त्यांच्या चुलीवर काय शिजले याची नोंद क्वचितच आढळते. मराठीत ही उणीव पुष्कळशी भरून काढली ती खेड्यांत आणि तालुक्याच्या गावांत वाढलेल्या माणसांनी.

फलटणच्या बेबीताई कांबळे छोटे किराणा दुकान चालवीत. दुकान आणि संसार सांभाळून, पतीच्या नकळत त्यांनी वर्षानुवर्षे लिहिले आणि ते कागद दडवून ठेवले. १९८६ साली ‘जिणं आमुचं’ ग्रंथरूपाने आले. अस्पृश्यतेचा जाच त्यांनी मांडलाच. शिवाय आपल्याच वस्तीत सुनांना होणारी मारहाणही झाकून ठेवली नाही. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये कोकणातल्या आईचे बांबूचे विणकाम आणि लेकीचे लेखन यांचे नाते उलगडते.

शांताबाई कांबळे तर शिक्षिका होत्या. तरीही निवृत्तीनंतर लिहिलेल्या आत्मकथनाला त्यांनी नाव दिले ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत या शीर्षकाखाली लाल रेघ ओढली गेली असती! प्रमाणभाषा आपल्या मुलांना आलीच पाहिजे. स्पर्धेच्या जगात तिच्यावाचून गत्यंतर नाही. परंतु ती शिकताना आजीचे शब्द अशुद्ध म्हणून टाकून दिले, तर त्या शब्दांबरोबर तिचा अनुभवही हरवतो. निवासी शाळेत, घरापासून दूर राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे.

काही पालक म्हणतात, “ते दिवस सरले. मुलांनी जुने दुःख कशाला उगाळावे?” त्यांची भावना समजण्यासारखी आहे. मात्र तथागतांनी दुःख झाकले नाही. ते आहे असे सांगून त्याचे कारण शोधले आणि मार्ग दाखविला. उत्तम आत्मकथनेही दुःख कुरवाळत बसत नाहीत. भूक का होती, शाळेच्या दाराबाहेर कोणी बसविले, तेथून बाहेर कसे पडलो, हे ती सांगतात. वडिलांची हमाली लपविणाऱ्या मुलाला आपले शिक्षण कोणत्या कष्टांतून आले, हे कधीच कळत नाही.

१९५६ची धम्मदीक्षा जाणत्या वयात पाहिलेली पिढी आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आयाही थकल्या आहेत. हे साक्षीदार गेल्यावर कोणतेही दप्तर त्यांची जागा भरून काढणार नाही.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीची हकिकत तिच्याच शब्दांत वहीत उतरवावी. शिक्षकांनी त्यातील बोली दुरुस्त करू नये. घरच्यांच्या संमतीवाचून काही छापू नये. पण वह्या शाळेच्या ग्रंथालयात जपून ठेवाव्यात. माजी विद्यार्थ्यांनी देणगीबरोबर आपल्या घरची अशी एक वही या संग्रहाला द्यावी. त्यांतून सगळेच लेखक घडणार नाहीत. पण पुढे आपला इतिहास लिहू पाहणाऱ्याला आपल्याच माणसांची साक्ष हाताशी मिळेल.